कागद घरातच वाचायचा असेल तर

(समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि समाज'. विषय फार मोठा आहे, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, आणि माझं दुकान आहे संगणक दुरुस्तीचं. म्हणून आयोजकांना विचारून मी तो लहान करून घेतला. आज मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे: ग्राफिक्स कार्डावरची मेमरी. ती किती असावी, कशासाठी असावी आणि दुकानात त्या नावाखाली आपल्या गळ्यात काय काय मारलं जातं. हसू नका. आपल्या केंद्रात आलेल्या बाईचा कागद कुणाच्या घरी वाचला जातो, हे पुष्कळदा या एका वस्तूवर ठरतं.

केंद्रांवर सध्या काय चालतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. एखादी ताई पिशवी घेऊन येते. पिशवीत उर्दूत हाताने भरलेला निकाहनामा, नवऱ्याकडून आलेली वकिलाची नोटीस, दवाखान्याचे कागद, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची झेरॉक्स. दिवसाला अशा सहा-सात जणी आणि लिहिणारे हात दोन. मग कार्यकर्ती मोबाइलवर फोटो काढते, फुकटच्या चॅटबॉटला देते आणि म्हणते, याचा नीट मराठीत अर्ज करून दे. अर्ध्या मिनिटात अर्ज तयार. मी कुणाला दोष द्यायला उभा नाही. काम उरकतं, ताईचा हेलपाटा वाचतो.

पण त्या फोटोत काय असतं? नाव, पत्ता, मुलं कुठल्या शाळेत जातात ते, दागिन्यांची यादी, कुणी कधी हात उचलला त्याचं वर्णन. हे सगळं तिने आपल्याला सांगितलेलं असतं. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसावर विश्वास टाकून सांगितलेलं असतं. परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरला तिने काही सांगितलेलं नसतं.

यावर मला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, "भाईजान, आम्ही नंतर डिलीट करतो." ठीक आहे. २०२५ सालच्या मे महिन्यातली गोष्ट ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाचा ओपनएआय कंपनीवर खटला चालू आहे, लेखांच्या हक्कावरून. त्यात न्यायालयाने कंपनीला आदेश दिला की संभाषणांच्या नोंदी जपून ठेवा, वापरणाऱ्याने पुसल्या असतील तरीही. काही महिन्यांनी तो आदेश मागे घेतला गेला. कंपनीने तेव्हा या आदेशाला विरोधच केला होता, त्यामुळे माझा मुद्दा कंपनी वाईट आहे असा नाही. मुद्दा असा की तुम्ही मोबाइलवर 'डिलीट' दाबता तेव्हा तुमच्या पडद्यावरून मजकूर जातो. तिकडून कधी जाईल, हे तिकडची कंपनी आणि तिकडचं न्यायालय ठरवतं. आपल्या केंद्रातल्या ताईचा त्या खटल्याशी काय संबंध? काहीच नाही. तरी तिचा कागद त्या ढिगात असू शकतो.

आपल्याकडेही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचा पाया संमतीचा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ताईला नुसतं सरळ विचारून बघा, "हा तुमचा कागद इंटरनेटवरून बाहेर पाठवला तर चालेल का?" तिच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते बघा.

तर मग यंत्र वापरायचंच नाही का? तसं नाही. तेच काम आपल्या खोलीतल्या संगणकावर, इंटरनेटची वायर काढून करता येतं. हे फार जुनं नाही. २०२३च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीने 'लामा' नावाचं मॉडेल संशोधकांसाठी बाहेर काढलं आणि थोड्याच दिवसांत ते सगळीकडे पसरलं. मार्चमध्ये जॉर्जी गेरगानोव्ह या बल्गेरियन प्रोग्रामरने 'लामा डॉट सीपीपी' हा प्रोग्राम लिहून खुला केला आणि साध्या घरगुती संगणकावर असं मॉडेल चालायला लागलं. आज 'ओलामा', 'एलएम स्टुडिओ' वगैरे जे सोपे प्रोग्राम आपण बसवतो, त्यांच्या पोटात बऱ्याच अंशी हेच काम आहे. मॉडेल म्हणजे शेवटी एक फाइल असते. सिनेमा उतरवून घेतो तशी एकदा उतरवायची, मग नेट बंद.

आता मेमरीकडे येतो. इथून जरा आकडे आहेत, पण पाढ्यांच्या पलीकडचं काही नाही.

मॉडेलच्या नावात '८बी', '१२बी', '७०बी' असं लिहिलेलं असतं. बी म्हणजे बिलियन, शंभर कोटी. ८बी म्हणजे त्या फाइलमध्ये आठशे कोटी आकडे आहेत. मूळ रूपात एक आकडा १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटचा. आठशे कोटी गुणिले दोन म्हणजे १६ जीबी. हे सगळे आकडे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावले पाहिजेत, तिलाच व्हीरॅम म्हणतात. संगणकाची साधी रॅम वेगळी आणि हार्ड डिस्क तर त्याहून वेगळी. १६ जीबी नुसत्या आकड्यांनाच लागले, तर आपल्या बजेटमधलं कार्ड तिथेच संपलं.

म्हणून आकडे दाबतात. याला क्वांटायझेशन म्हणतात. १६ बिटांचा आकडा साधारण ४-५ बिटांत बसवायचा. सोनाराच्या काट्याऐवजी वाण्याचा तराजू वापरावा तसं. बारीक फरक जातो, पण साखर मोजायला चालतं. लामा ३.१ हे ८बी मॉडेल असं दाबलं की फाइल होते ४.९ जीबीची. १६चे ४.९ झाले आणि अर्ज लिहिण्याच्या कामात फरक सहज जाणवत नाही. त्याखाली, ३ बिट, २ बिट असं दाबत गेलं की मात्र भाषा बिघडायला लागते, आणि आधी बिघडते ती मराठी. इंग्रजी शेवटपर्यंत तग धरते. असं का, तर मॉडेलने मुळातच इंग्रजी पुष्कळ वाचलेली असते आणि मराठी थोडी. जे थोडं असतं ते आधी पुसलं जातं. माझ्या दुकानात मी हे अनेकदा करून पाहिलंय. दोन बिटांवर आणलेलं मॉडेल इंग्रजीत नीट पत्र लिहितं आणि मराठीत क्रियापद हरवून बसतं.

तेव्हा पहिला हिशोब लक्षात ठेवा. मॉडेल जितक्या 'बी'चं, त्याच्या साधारण साठ टक्के जीबी, दाबलेल्या रूपात. ८ला ५, १२ला ७, ७०ला ४२.

पण एवढ्यावर दुकानात जाऊ नका, कारण मेमरीत आणखी एक भाडेकरू असतो आणि त्याच्याबद्दल विक्रेता काही बोलत नाही. मॉडेल आपला कागद वाचतं तेव्हा वाचलेलं सगळं त्याला समोर धरून ठेवावं लागतं. प्रत्येक शब्दाच्या तुकड्यामागे काही आकडे साठवावे लागतात. या तुकड्याला टोकन म्हणतात. लामा ३.१च्या त्या ८बी मॉडेलमध्ये एका टोकनमागे १२८ केबी जागा जाते. ऐकायला किरकोळ वाटतं. गुणून बघा. ८ हजार टोकनांना १ जीबी. ३२ हजारांना ४ जीबी. मॉडेल १ लाख २८ हजार टोकनांपर्यंत वाचू शकतं अशी जाहिरात असते आणि ती खरीही आहे, पण तेवढ्याला १६ जीबी लागतात, म्हणजे मॉडेलच्या तिप्पट! एक पानी अर्जासाठी ८ जीबीचं कार्ड पुरतं. केसची सगळी फाइल एकदम वाचायला दिली की तेच कार्ड गुदमरतं.

आणि आता आपल्या भाषेचा प्रश्न. मला वाटतं आजच्या बोलण्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

टोकन म्हणजे शब्द नव्हे. मॉडेल बनवणाऱ्यांनी आधी तुकड्यांचा एक कोश तयार केलेला असतो. त्या कोशात इंग्रजीचे नेहमीचे शब्द अख्खेच्या अख्खे असतात. 'कोर्ट' हा इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीत लिहिला तर बहुधा एक टोकन. 'न्यायालय' लिहा. लामाच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश ३२ हजार तुकड्यांचा होता, त्यात मराठीला जागा जवळजवळ नव्हती. त्यामुळे 'न्यायालय'चे अर्धा न, य, काना, ल असे सुटे सुटे तुकडे पडायचे. एकाला आठ. तिसऱ्या आवृत्तीत कोश १ लाख २८ हजारांचा झाला, गुगलच्या गेमा ३ मध्ये २ लाख ६२ हजारांचा, आणि परिस्थिती खूप सुधारली. तरी तोच मजकूर मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त टोकनं घेतो.

याचा अर्थ काय होतो ते बघा. एकच तक्रार. इंग्रजीत लिहिली तर कमी मेमरी, कमी वेळ. मराठीत लिहिली तर जास्त मेमरी, जास्त वेळ. बाहेरची सेवा पैसे देऊन वापरत असाल तर बिलही टोकनांवर, म्हणजे तिथेही मराठीला जास्त दर. ज्या बाईला इंग्रजी येत नाही तिच्या कागदाला यंत्रही जास्त भाडं मागतं. कुणी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. कोश तयार करायला ज्यांचा मजकूर ढिगाने होता, त्यांचे शब्द अख्खे राहिले, एवढंच. पण विकत घेताना हे धरून चालावं लागतं. इंटरनेटवर एखादा अमेरिकन माणूस सांगतो की ८ जीबी पुरे. त्याला पुरे असेल. त्याचा मजकूर इंग्रजी आहे. मराठी आणि उर्दू मजकुरासाठी मी त्याच्या सल्ल्यात एक पायरी वाढवूनच धरतो.

हे स्वतः तपासता येतं. आपल्याच एखाद्या जुन्या अर्जाचा परिच्छेद घ्या, नावं बदला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपं प्रोग्रामला द्या. किती टोकनं वाचली ते प्रोग्राम दाखवतो. दोन मॉडेलं अशी समोरासमोर ठेवली की मराठीला कुठलं स्वस्त पडतं ते दहा मिनिटांत कळतं. हे न बघता मॉडेल निवडू नका.

याला जोडूनच एक इशारा. ओलामासारख्या प्रोग्रामांत, विशेषतः लहान कार्ड असेल तर, किती टोकनं समोर धरायची याची मर्यादा मुळात बरीच कमी ठेवलेली असते, मेमरी वाचावी म्हणून. तुम्ही बारा पानं दिली आणि मर्यादा लहान असेल, तर यंत्र तक्रार करत नाही. सुरुवातीचा भाग गुपचूप गाळतं आणि उरलेल्यावरून छान सारांश लिहून देतं. सारांशात लग्नाची तारीखच नाही, पहिल्या मारहाणीचा उल्लेखच नाही, कारण ती पानं त्याने वाचलीच नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन ही मर्यादा वाढवायची, आणि ती वाढवायला मेमरी लागते. फिरून पुन्हा आपण कार्डाकडे आलो.

वेगाबद्दल थोडक्यात. उत्तराचा एकेक तुकडा लिहिताना यंत्राला सगळेच्या सगळे आकडे मेमरीतून वाचावे लागतात, ४.९ जीबी, प्रत्येक वेळी. म्हणून कार्डाचा प्रोसेसर किती दणकट यापेक्षा मेमरीतून वाचण्याचा वेग महत्त्वाचा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या १२ जीबीच्या कार्डाचा वेग सेकंदाला ३६० जीबी आहे. ३६० भागिले ४.९, म्हणजे फार तर सेकंदाला सत्तरेक टोकनं. प्रत्यक्षात कमीच, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा पुढे. साधी डीडीआर-४ रॅम, दोन पट्ट्या लावल्या तर, सेकंदाला ५१ जीबी. म्हणजे फार तर दहा टोकनं. यातून दोन गोष्टी निघतात. एक, मॉडेल कार्डात मावलं नाही आणि थोडं रॅममध्ये सांडलं, की सगळ्याचा वेग रॅमच्या वेगाकडे घसरतो. विंडोजवर तर हे सांडणं दिसतही नाही, नुसतं मंद होतं आणि लोक म्हणतात 'कार्ड खराब निघालं'. दोन, ज्या केंद्राकडे पैसे नाहीतच, त्यांनी कार्डासाठी थांबून राहायचं कारण नाही. १६ जीबी रॅमचा जुना संगणक असेल तर लहान मॉडेल विनाकार्ड चालतं. लांब कागद वाचायला मिनिटं लागतील, चहा करून या. आधी महिनाभर असं चालवून बघा, खरंच उपयोग होतो का ते कळेल, मग वर्गणी काढा. मी दुकानदार असून हे सांगतोय.

आता बाजारात चला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तुमच्या गावातल्या दुकानात, बोलायची भाषा सारखीच असते: "सोळा जीबी ग्राफिक्स आहे." यातले आठ कार्डावरचे आणि आठ संगणकाच्या रॅममधून उधार घेतलेले असू शकतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'डेडिकेटेड' आणि 'शेअर्ड' असे दोन आकडे दिसतात. विक्रेता दोन्हींची बेरीज दाखवतो. आपल्याला फक्त 'डेडिकेटेड' मोजायचं.

मग नावांचा घोळ. आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ साली आलं ते १२ जीबीचं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने ८ जीबीचंही काढलं आणि त्याचा वेगही कमी, सेकंदाला २४० जीबी. खोक्यावर नाव तेच. ४०६० हा आकडा ३०६०पेक्षा मोठा, म्हणून लोक खुशीने जास्त पैसे देतात. त्यात आहेत ८ जीबी. खेळ खेळायला ते चांगलं कार्ड आहे, आपल्या कामाला जुनं बरं. ४०६० टीआय ८चंही आहे आणि १६चंही. लॅपटॉपची तर वेगळीच तऱ्हा. ४०७० नावाचं कार्ड मोठ्या संगणकात १२ जीबीचं, लॅपटॉपमध्ये ८चं. ४०९० मोठ्या संगणकात २४, लॅपटॉपमध्ये १६. म्हणून बिलावर नुसतं नाव लिहून घेऊ नका. 'व्हीरॅम १२ जीबी' असा आकडा लिहून घ्या. बिल नसेल तर घेऊ नका. आपल्या संस्थेला हिशोब द्यावा लागतो, ते एक आहेच.

सेकंडहँड घ्यावं का? घ्यावं, मी स्वतः विकतो. पण बघून. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर ते 'खणणं' बंद झालं आणि रात्रंदिवस तापवलेली कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पंखा आणि पेस्ट बदलली की बरीचशी चालतात. पण कार्ड तुमच्यासमोर मशीनला लावलं पाहिजे. जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्राम चालवून मेमरीचा आकडा बघा, कारण जुन्या कार्डाचं आतलं सॉफ्टवेअर बदलून त्याला नव्याचं नाव देणारे महाभाग आहेत. मग मेमरी काठोकाठ भरेल असं मॉडेल अर्धा तास चालवा. पडद्यावर ठिपके, रेघा आल्या किंवा मशीन मध्येच बंद पडलं तर नमस्कार करून बाहेर. आणि एसएमपीएसकडे बघा. ३०६०ला १७० वॅट लागतात, चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर निभावतं. ३०९० स्वस्तात मिळतंय, २४ जीबी आहे म्हणून घेतलंत, तर ते एकटंच ३५० वॅट खातं. मग एसएमपीएस बदला, कॅबिनेट बदला, आणि केंद्राच्या त्या जुन्या यूपीएसचं काय होईल ते मी बोलत नाही.

भाव मी मुद्दाम सांगत नाही. आज सांगितला तर शिबिर संपेपर्यंत बदललेला असेल.

केंद्रासाठी माझं मत सरळ आहे: १२ जीबी. ८ घेतलं तर पहिल्याच मोठ्या फाइलला अडाल. २४ जीबी हा हौशी लोकांचा मामला आहे, त्यात ७०बीचं मॉडेल तरीही मावत नाही, ४२ जीबी लागतात हे मघाशी पाहिलं. १२ जीबीत गेमा ३चं १२बी मॉडेल बसतं, गुगलने दाबून दिलेल्या रूपात त्याचे आकडे ६.६ जीबीचे आहेत, वर कागदासाठी जागा उरते. हे मॉडेल फोटोही बघतं. छापील मराठी नोटीस बऱ्यापैकी वाचतं. हाताने लिहिलेली उर्दू मात्र त्याच्याकडून वाचून घेऊ नका. निकाहनाम्यावरचं मेहेरचं कलम ते आत्मविश्वासाने चुकीचं वाचतं. तिथे आपल्या वस्तीतले उर्दू शाळेचे निवृत्त मास्तरच हवेत. नुसतं भाषांतर हवं असेल तर मद्रासच्या आयआयटीतल्या 'एआय फॉर भारत' गटाचं 'इंडिकट्रान्स २' आहे, मराठी आणि उर्दूसह आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांसाठी. ते इतकं लहान आहे की ४ जीबीच्या कार्डावरही चालतं. आपल्या लोकांनी आपल्या भाषांसाठी केलेलं काम, म्हणून आवर्जून सांगतोय.

बोलणं ऐकून लिहिणारं मॉडेल म्हणजे 'व्हिस्पर', ओपनएआयनेच २०२२ साली खुलं केलेलं. त्याचं मोठं रूप मुळात १० जीबीच्या आसपास मागतं, 'फास्टर-व्हिस्पर' नावाच्या प्रोग्राममधून चालवलं तर निम्म्याहून कमी. मराठी, उर्दू दोन्ही येतात. पण एक गोष्ट इथे फार जपून. बोलणारा माणूस थांबला, शांत राहिला, की हे मॉडेल कधी कधी त्या शांततेत स्वतःचं वाक्य घालतं. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यावर निबंध लिहिला. अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे जास्त होतं असं त्यांना दिसलं. आपल्याकडे कोण थांबत थांबत बोलतं? जिला बोलताना रडू येतं ती. तिच्या हुंदक्याच्या जागी यंत्राने एखादं वाक्य घातलं आणि ते अर्जात गेलं, तर उद्या उलटतपासणीत ते वाक्य तिच्याच अंगावर येईल. म्हणून ध्वनिमुद्रण ऐकत ऐकत लिखाण तपासायचं, दर वेळी, आणि अर्ज तिला वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. कार्ड कितीही मोठं घेतलंत तरी हा नियम तसाच राहील.

मेमरी वाढवली म्हणजे ज्ञान वाढलं असंही नाही. पोटगीचं कलम १२५ आपल्याकडे लहान मुलांना पाठ, शाहबानोंच्या खटल्यामुळे. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. नवऱ्याकडच्यांच्या क्रूरतेचं जुनं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. लामा ३.१ला शिकवलेला मजकूर २०२३च्या डिसेंबरपर्यंतचा. ते जुनीच कलमं लिहून देणार, आणि तीही छान भाषेत. कलमं आपल्या वकिलांनी घालायची. यंत्राने तारखा ओळीने लावायच्या, शुद्धलेखन बघायचं, लांबलेलं बोलणं पानभर करायचं. या कामाला १२ जीबी भरपूर झाले.

शेवटचं, आणि हे विसरलं जातं. कागद बाहेर गेला नाही, पण तो आता तुमच्या संगणकात आहे. केंद्राचा संगणक सगळ्यांचा असतो. कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा प्रिंट काढायला येऊन बसतो. डिस्कला कुलूप लावा. विंडोजमध्ये 'बिटलॉकर' आहे, लिनक्समध्ये बसवतानाच विचारलं जातं. पासवर्ड दोघींकडेच ठेवा. ओलामा बसवलं की ते मुळात त्याच संगणकापुरतं उघडं असतं. "मोबाइलवरूनही वापरता यावं" म्हणून कुणी हुशार मुलगा ते नेटवर्कवर उघडं करून देईल, त्याला नको म्हणा. प्रोग्राममध्ये झालेली संभाषणं साठून राहतात, केस संपली की ती पुसा. आणि जुनं मशीन विकायला काढाल तेव्हा डिस्क माझ्यासारख्याच्या दुकानात तशीच देऊ नका. माझ्याकडे लोकांच्या लग्नाचे फोटो, पगारपत्रकं, काय काय येतं. मी पुसतो. सगळे पुसतात असं नाही.

दुपारच्या सत्रात खाली एक मशीन लावून ठेवलंय, ३०६०, १२ जीबी, नेटची वायर काढलेली. नावं बदललेले दोन अर्ज मी आणलेत, एक मराठी आणि एक उर्दूत टाइप केलेला. येताना तुमच्या केंद्रातल्या संगणकाची माहिती कागदावर लिहून आणा, रॅम किती आणि एसएमपीएस किती वॅटचं तेवढं. कुणाला कार्ड लागेल आणि कुणाला नाही, ते तिथेच बघून सांगतो.